कागदाचा खांब कुठून मोडतो? घडीचं बळ वर्गात शिकवण्याची पूर्ण कृती

ए-फोर आकाराचा एक कोरा कागद टेबलावर उभा करायचा प्रयत्न करा. वर काही ठेवायची वेळच येत नाही. स्वतःच्या वजनानेच तो मान टाकतो. तोच कागद मधोमध दुमडून, अर्धवट उघडलेल्या पुस्तकासारखा ठेवला की उभा राहतो. त्याची नळी केली तर वर वह्यांचा गठ्ठाही पेलतो. कागद तोच आणि वजनही तेच, ७५ जीएसएमच्या (चौरस मीटरला ७५ ग्रॅम भरणाऱ्या) ए-फोरचं साधारण ४.७ ग्रॅम. मग हे बळ आलं कुठून?

आठवी-नववीच्या वर्गात हा प्रश्न विचारला की बहुतेक हात एकाच उत्तरासाठी वर होतात: "घडी घातली की कागद जाड होतो." हे उत्तर चुकीचं आहे, पण फार उपयोगी आहे, कारण पुढचे सगळे प्रयोग ते तपासण्यासाठीच करायचे आहेत. फळ्याच्या कोपऱ्यात ते लिहून ठेवा आणि शेवटपर्यंत पुसू नका.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवायला हवी. "कोणाच्या खांबाने जास्त वजन पेललं" अशी स्पर्धा लावली की मुलं रंगून जातात, पण शिकत फार कमी. आकडा लिहितात आणि मोडलेला खांब कचऱ्यात टाकतात. खरा धडा त्या मोडलेल्या खांबात असतो. म्हणून प्रत्येक खांबाबद्दल पहिला प्रश्न "तो कुठून मोडला?" हा ठेवा. "किती किलोला?" हा त्यानंतर.

शिकवणाऱ्याने आधी काय समजून घ्यायचं

कागदावर उभा दाब दिला तर तो चिरडत नाही, बाजूला निसटतो. पातळ वस्तूला दाबाखाली आखडण्यापेक्षा वाकणं सोपं पडतं. किती भाराला खांब असा वाकेल याचं गणित लिओनार्ड ऑयलरने १७४४ मध्ये मांडलं. त्याचं सार असं: हा भार पदार्थाच्या ताठपणावर, छेदातला पदार्थ मधल्या रेषेपासून किती लांब पसरला आहे यावर आणि उंचीवर ठरतो. उंची दुप्पट झाली की भार चौथाईवर येतो. कागदाचा यंग गुणांक (म्हणजे पदार्थाच्या ताठपणाचं माप) ३ गिगापास्कल आणि जाडी ०.१ मिलिमीटर धरली, तर २९.७ सेंटिमीटर उंचीच्या सपाट ए-फोरला वाकायला वरून एक ग्रॅमसुद्धा लागत नाही. त्याचं स्वतःचंच वजन ४.७ ग्रॅम! तो उभा का राहत नाही, हे इथेच कळतं.

आता त्याच कागदाला साडीच्या निऱ्यांसारख्या घड्या घाला. घड्यांची खोली १० मिलिमीटर असेल तर एकूण वाकण्याला होणारा विरोध (१० भागिले ०.१) चा वर्ग, म्हणजे १०,००० पट होतो. जाडी तसूभरही वाढलेली नाही. कागद मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना लांब गेला, एवढंच घडलं.

मग खांबाने १०,००० पट वजन पेलायला हवं. तसं होत नाही, आणि विषयातला सगळ्यात रंजक भाग इथूनच सुरू होतो. अख्खा खांब वाकायच्या कितीतरी आधी त्याची एखादी सपाट भिंत बाहेर फुगते किंवा आत दबते. गवंडी म्हणतात तसं भिंतीला पोट येतं. दोन घड्यांमधली सपाट पट्टी जितकी रुंद तितकं पोट लवकर. इथेही वर्गाचाच नियम आहे: पट्टीची रुंदी निम्मी केली की पोट यायला लागणारा दाब चौपट होतो. कड मात्र दोन दिशांच्या भिंतींनी धरलेली असते, त्यामुळे ती हलत नाही. भिंतींना पोट आल्यावर भार त्यांच्याकडून कडांकडे सरकतो आणि बराच वेळ कडाच तो वाहतात. खाली दिलेल्या मापाच्या चौकोनी खांबाच्या भिंती हिशेबाने १०० ग्रॅमच्या आतच पोट धरू लागतात, पण खांब लगेच पडत नाही. त्याच्या कित्येक पट वजन तो कोपऱ्यांवर झेलतो.

तिसरी गोष्ट पाठ्यपुस्तकी स्पष्टीकरणात बहुधा राहून जाते: घडीची रेघ स्वतः कमकुवत असते. तिथले तंतू दुमडून सैल झालेले असतात. बळ येतं ते घडीमुळे बदललेल्या आकारातून. त्यामुळे घडी भाराच्या दिशेने असेल तर खांब सावरतो आणि भाराला आडवी असेल तर खांब तिथेच बसतो. हे मुलांना नुसतं सांगू नका. तिसऱ्या प्रयोगात ते डोळ्यांनी पाहतील.

सामान

४० विद्यार्थ्यांचा वर्ग, पाच-पाच जणांचे आठ गट, असा हिशेब धरला आहे. कागद एकाच रिमचा हवा, ७५ किंवा ८० जीएसएम, पाठकोरा नको. चारही प्रयोगांना मिळून १०० कागद काढून ठेवा. निम्मे सरावात जातात आणि ते जायलाच हवेत. पुण्यात अप्पा बळवंत चौकात कुठल्याही दुकानात रीम मिळेल. तिथेच ग्लू स्टिक, आलेख कागद आणि एक-दोन कार्डशीटही घेऊन टाका. शाई संपलेली बॉलपेनं मुलांकडूनच गोळा करा. घडीची रेघ पाडायला त्यांच्याइतकं चांगलं हत्यार नाही: टोक गोल असतं, त्यामुळे कागद दबतो पण चिरत नाही. स्टीलची पट्टी प्रत्येक गटाला एक. कटर फक्त शिक्षकांच्या हातात.

भार देण्यासाठी चार मांडण्या पुरतात. एका मांडणीला लागतं ते असं: खाली सपाट फरशीचा तुकडा, वर ठेवायला २० × २० सेंटिमीटरची ६ मिलिमीटर जाड एमडीएफ फळी, पाच लिटरचा प्लास्टिकचा डबा आणि आठ किलो चाळलेली कोरडी वाळू. चारही मांडण्यांची वाळू सिमेंटच्या एका रिकाम्या गोणीत मावते. पाणी मोजायला सोपं, हे खरं; पण खांब कोसळला की ते उरलेल्या खांबांवर सांडतं आणि पुढचा तास तिथेच संपतो. वाळूच बरी. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर २०० ग्रॅम वाळू मोजा आणि ती एखाद्या प्लास्टिकच्या पेल्यात ओतून जिथपर्यंत येईल तिथे रेघ मारा. तो तुमचा मापाचा पेला.

फळी आणि रिकामा डबा यांचं वजन आधी करून मांडणीवरच लिहून ठेवा. हे वजन मोजायचं राहून जातं, आणि मग कमजोर खांबांचे आकडे विनाकारण लहान दिसतात.

कागदाचा उभा-आडवा ओळखा

कापडाला जसा ताणा-बाणा तशी यंत्रावर बनलेल्या कागदाला तंतूंची दिशा असते. बहुतेक तंतू यंत्राच्या दिशेने झोपतात आणि त्या दिशेने कागद बराच जास्त ताठ असतो. छपाईवाले याला ग्रेन म्हणतात. ओळखायची सोपी रीत: कागद आधी लांबीत, मग रुंदीत अलगद वाकवा, पण दुमडू नका. ज्या बाजूने सहज वाकतो तिथे वाकण्याची रेषा तंतूंना समांतर असते. खात्री हवी असेल तर एक लहान चौकोन कापून पाण्यावर तरंगत ठेवा. तो सुरळी होऊ लागेल. सुरळीचा आस म्हणजे तंतूंची दिशा.

कॉपीअरच्या ए-फोरमध्ये तंतू बहुधा लांब बाजूला समांतर असतात. आपल्याला ते सोयीचं आहे. कागद लांबीच्या मध्यावर आडवा कापला की २१० × १४८ मिलिमीटरचे दोन तुकडे होतात, आणि १४८ ही उंची धरली की तंतू उभे येतात. घड्याही तंतूंना समांतर, त्यामुळे रेघ सरळ पडते. रीम उलट निघाली तर तीही चालेल, फक्त सगळ्या गटांना सारखीच द्या. एका गटाचे तंतू उभे आणि दुसऱ्याचे आडवे असतील तर तुलनेला काही अर्थ राहत नाही.

हवेचाही विचार करा. कागद हवेतला ओलावा शोषतो आणि मऊ पडतो. म्हणूनच कागदाच्या प्रमाणित चाचण्या २३ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के आर्द्रतेला करतात. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये वर्गाच्या खिडक्या उघड्या असतील तर सकाळी रिममधून काढलेला कागद दुपारी हाताला वेगळा लागतो. शक्य असेल तर हा पाठ दिवाळीच्या सुट्टीनंतर घ्या. पावसाळ्यातच घ्यावा लागला तर खांब रात्रभर झाकणबंद डब्यात ठेवा आणि सगळ्यांची चाचणी एकाच दिवशी करा. कालच्या आकड्यांशी आजचे आकडे जोडू नका.

पहिला तास: खांब बनवणं

प्रत्येक मुलाला २१० × १४८ चा एक तुकडा द्या, आणि सरावाला आणखी एक. २१० पैकी १९२ मिलिमीटर खांबाचा घेर आणि १८ मिलिमीटर चिकटपट्टी. १९२ हा आकडा मुद्दाम निवडला आहे: तो तीन, चार आणि आठ या सगळ्यांनी निःशेष भागतो, शिवाय निम्मा-निम्मा करत सहापर्यंत जातो.

त्रिकोणी खांबाला ६४, १२८ आणि १९२ मिलिमीटरवर रेघा. चौकोनीला ४८, ९६, १४४ आणि १९२ वर. अष्टकोनीला दर २४ वर, म्हणजे आठ रेघा. गोल खांबाला फक्त १९२ वर पेन्सिलची खूण, घडी अजिबात नको. त्याचा व्यास साधारण ६१ मिलिमीटर होतो. प्रत्येक आकार दोन गटांना वाटून द्या. अष्टकोन नीटनेटक्या हातांच्या गटांकडे जाऊ द्या आणि त्यांना दहा मिनिटं जास्त द्या. प्रत्येक मूल एक खांब बनवतं, म्हणजे आकारागणिक दहा खांब होतात. एका खांबावरून काहीही सिद्ध होत नाही. दहा असले की सरासरीबरोबर विखुरणंही दिसतं.

खुणा वरच्या आणि खालच्या दोन्ही कडांवर करायच्या. एकाच कडेवर खूण करून काटकोन नजरेने धरला की रेघ तिरकी जाते आणि खांब पिळवटतो. दोन खुणांवर स्टीलची पट्टी ठेवा आणि रिकाम्या पेनाने एकदाच, मध्यम जोराने रेघ ओढा. दोन-तीनदा घासलं तर कागद पातळ होतो. मग पट्टी न हलवता कागद तिच्या कडेवर उचलून दुमडा, नखाने एकदा दाबा आणि सोडा. घडी पूर्ण सपाट करून परत उघडायची गरज नाही. आपल्याला ६०, ९० किंवा १३५ अंशांचा कोपरा हवा आहे, पाकीट बनवायचं नाही.

चिकटवायला ग्लू स्टिकच वापरा. फेविकॉलमधल्या पाण्याने पातळ कागद ओला होऊन सुरकुततो, आणि ती सुरकुती म्हणजे आधीच आलेलं पोट. सेलोटेपने त्या भिंतीला वेगळीच ताकद मिळते. स्टेपलरच्या पिनेजवळ कागद फाटतो. स्टीलची पट्टी नळीच्या आत घालून तिच्यावर जोड दाबून धरा, मिनिटभर पुरे. जोडाजवळ कागद दुहेरी होत असल्याने ती भिंत बाकीच्यांपेक्षा घट्ट असते, म्हणून खांब बहुधा जोडापासून लांब मोडतो. हे मुलांना आधी सांगू नका, त्यांना शोधू द्या.

शेवटी सगळ्यात महत्त्वाची तपासणी. खांब फरशीवर उभा करा, पलीकडून मोबाइलचा टॉर्च लावा आणि खालच्या कडेला उजेडाची फट दिसते का पाहा. मग उलटा करून दुसरं टोक. चिकटवताना कडा अर्धा मिलिमीटर जरी खालीवर झाल्या तरी सगळा भार उंच राहिलेल्या भागावर येतो आणि तिथला कागद चुरगळतो. फट दिसली तर खांब बाद करा. सरावाचा कागद याचसाठी दिला होता.

दुसरा तास: भार

फरशीवर खांब, त्यावर फळी, फळीच्या मध्यावर डबा. मध्य अंदाजाने धरायचा नाही. फळीच्या खालच्या आणि वरच्या अंगाला कर्ण आखा. खालचा मध्य खांबाच्या मध्याशी, वरचा डब्याच्या मध्याशी. हा हट्ट कशासाठी? ४८ मिलिमीटर बाजूच्या चौकोनी खांबावर भार एका बाजूला ५ मिलिमीटर सरकला तर त्या बाजूच्या भिंतीवर सुमारे ३१ टक्के जास्त ताण येतो. एवढ्याने दोन आकारांमधला खरा फरक झाकला जाऊ शकतो.

फळीच्या चारही कोपऱ्यांखाली पुस्तकांचे १३ सेंटिमीटर उंचीचे गठ्ठे रचा. बालभारतीची पुस्तकं यासाठी उत्तम, एका मापाची असतात. खांब कोसळला की फळी दीड-दोन सेंटिमीटरच खाली येऊन त्यांच्यावर टेकते. वाळू सांडत नाही, आणि खांब पार चिरडला जात नसल्याने कुठून मोडला तेही नीट दिसतं. गठ्ठे नसतील तर या पाठातला अर्धा पुरावा भुईसपाट होतो.

एक पेला वाळू डब्याच्या कडेवरून हळू सोडायची, पाच आकडे मोजायचे, मग पुढचा पेला. घाई का नको? एक तर वस्तू आदळली की क्षणभर तिच्या वजनापेक्षा जास्त बल लागतं. शिवाय कागद दाबाखाली हळूहळू सैल होत जातो. आत्ता पेललेलं वजन मिनिटाभराने पेलवेलच असं नाही. सगळ्यांनी सारखंच थांबायचं, हा नियम. साधारण साडेतीन मिनिटांत एक खांब होतो. एका आकाराचे दोन गट एका मांडणीवर घेतले तर दहा खांब एका तासात बसतात, पण जेमतेमच.

वाळू ओतताना एकाने टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून तिरका धरायचा. तिरक्या उजेडात पोट येताना सावलीसारखं स्पष्ट दिसतं, आणि ते खांब पडण्याच्या खूप आधी दिसतं. मुलांच्या तोंडून "अरे, हे वाकलंय तरी उभंय!" असं ऐकू आलं की पाठ मार्गी लागला असं समजा.

प्रत्येक खांबापुढे वहीत वजन आणि तीनपैकी एक शब्द लिहायचा. पोट, म्हणजे सपाट भिंत फुगली आणि मग कोपरा मोडला. कंबर, म्हणजे अख्खा खांब एकीकडे झुकला. पाय, म्हणजे वरची किंवा खालची कड चुरगळली. "पाय" लिहिलेले आकडे सरासरीत धरू नका. ते कापणीतली चूक सांगतात, आकाराबद्दल काही सांगत नाहीत. इतक्या बुटक्या खांबांत "कंबर" क्वचितच येते. आली तर आधी भार मध्यावर होता का ते पाहा.

काळजीपूर्वक केलं तर त्रिकोणी खांब सगळ्यांत आधी जातो, त्यानंतर चौकोनी, मग अष्टकोनी, आणि गोल बहुधा सगळ्यांच्या पुढे राहतो. कारण मुलांकडूनच काढून घ्या. सपाट पट्टी त्रिकोणात ६४ मिलिमीटर, चौकोनात ४८, अष्टकोनात २४. गोलात सपाट पट्टीच नाही. इथे एखादा हुशार विद्यार्थी हमखास विचारतो: "कडा भार वाहतात म्हणता, मग गोलाला तर एकही कड नाही!" प्रश्न अगदी रास्त आहे. बाक असलेला कागद प्रत्येक ठिकाणी थोडाथोडा वळलेला असतो, त्यामुळे बाजूला निसटायला त्याला आधी ताणावं किंवा आखडावं लागतं, आणि ते कागदाला जड जातं. गोल खांब म्हणजे कडा इतक्या जवळजवळ आल्या की त्या वेगळ्या दिसेनाशा झाल्या, असं म्हटलं तरी चालेल.

त्रिकोण कमजोर निघाला की मुलं गोंधळतात, कारण "त्रिकोण सगळ्यांत मजबूत" असं त्यांनी ऐकलेलं असतं. ते पुलाच्या सांगाड्याबद्दल खरं आहे: सळ्या जोडून केलेला त्रिकोण आकार बदलत नाही. इथे प्रश्न भिंतींच्या रुंदीचा आहे. हा फरक फळ्यावर दोन चित्रं काढून दाखवा, नाहीतर मुलं एक चूक सोडून दुसरी धरतील.

तिसरा प्रयोग: बिघडवून पाहणं

आता चांगले खांब मुद्दाम बिघडवायचे. पाच गोल खांब घ्या आणि प्रत्येकाच्या मध्यावर अंगठ्याने हलकाच एक खळगा पाडा. तसेच पाच चौकोनी खांब, तेवढाच खळगा भिंतीच्या मध्यावर. पुन्हा भार द्या. गोल खांबाचं बळ धाडकन उतरतं, चौकोनीचं फारसं नाही. चौकोनी खांबाच्या भिंतीला तसंही पोट येणारच होतं आणि भार कोपऱ्यांवर जाणारच होता, त्यामुळे खळग्याने विशेष बिघडत नाही. गोल खांबाची सगळी ताकद त्याच्या निर्दोष बाकात होती. गोल खांबांच्या आकड्यांमधला विखुरा सगळ्यांत मोठा का असतो, हेही यातून उलगडतं: हाताळताना पडलेला, डोळ्यांना न दिसणारा खळगासुद्धा त्यांना पुरतो.

मोडलेले गोल खांब टाकू नका. काहींवर शंकरपाळ्यांसारख्या आकृत्यांची रांग दिसेल. पातळ नळी दाबाखाली चेपली की अशीच चेपते. अभियंते हिला योशिमुरा आकृती म्हणतात, जपानी संशोधकाच्या नावावरून.

आणखी पाच चौकोनी खांब असे बनवा की चिकटवण्याआधी कागदाच्या बरोबर मध्यावर, ७४ मिलिमीटरवर, एक आडवी घडी घालून परत सरळ करायची. उभ्या घड्या नेहमीसारख्याच. घडी एक जास्त आहे. "घडी म्हणजे जाडी आणि जाडी म्हणजे ताकद" हे खरं असतं तर हा खांब सरस ठरायला हवा. तो त्या रेघेवरच बसतो. फळ्याच्या कोपऱ्यातलं वाक्य आता वाचायला लावा.

चौथा प्रयोग: निऱ्या

बंद नळीऐवजी उघड्या निऱ्या. यात वेळ जास्त जातो, पण एका वर्गात एवढं एक केलं तरी सार्थक होतं. २१० × १४८ च्या तुकड्याची १८ मिलिमीटरची पट्टी कापून टाका; उरतो १९२ × १४८. काही मुलांनी २४ मिलिमीटरच्या आठ पट्ट्या करायच्या, काहींनी १२ च्या सोळा, आणि ज्यांना धीर आहे त्यांनी ६ च्या बत्तीस. रेघा एकाआड एक दोन्ही बाजूंनी पाडा, म्हणजे घडी नेहमी रेघेपासून लांब वळते आणि स्वच्छ बसते. ६ मिलिमीटरच्या निऱ्यांत अर्ध्या मिलिमीटरची चूक साठत जाते, म्हणून प्रत्येक खूण आधीच्या खुणेपासून न मोजता शून्यापासून मोजायची.

उघड्या निऱ्यांवर भार टाकला की त्या पसरतात. साडीच्या निऱ्या वरून खोचलेल्या असतात म्हणूनच जागच्या जागी राहतात. तेव्हा वर-खाली कार्डशीटची ११० × ४० मिलिमीटरची टोपी हवी. टोपीवर आलेख कागद चिकटवा आणि त्यावर ६० अंशांच्या कोनाची नागमोडी रेघ आखा. या कोनात तिन्ही निऱ्यांची एकूण रुंदी ९६ मिलिमीटरच येते, त्यामुळे टोपी एकाच मापाची चालते. रेघेवर फेविकॉलची बारीक धार सोडून निऱ्या त्यात उभ्या करा. इथे फेविकॉल चालतो, कारण तो फक्त कडेला लागतो, पण रात्रभर वाळू द्यावा लागतो. त्याच दिवशी चाचणी केली तर ओल्या पायाशी खांब बसतो.

२४ वरून १२ वर गेलं की पोट यायला लागणारा दाब चौपट होतो. पण निऱ्यांची खोली साधारण २१ मिलिमीटरवरून साडेदहावर येते आणि अख्ख्या खांबाचा वाकण्याला विरोध चौथाई होतो. ६ मिलिमीटरला खोली पाच मिलिमीटरच्या आसपास राहते, आणि आतापर्यंत न दिसलेली "कंबर" काही खांबांत दिसू लागते. घड्या वाढवत राहिलं की ताकद वाढतच राहते असं नाही. एका दुखण्यावरचा उपाय दुसरं दुखणं जवळ आणतो. पट्टीची रुंदी आडव्या अक्षावर आणि वजन उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढा, आणि प्रत्येक बिंदूशेजारी पोट किंवा कंबर लिहा.

वर्गाबाहेर हेच कुठे आहे

मार्केट यार्डात फळांचे पुठ्ठ्याचे खोके एकावर एक रचलेले मुलांनी पाहिलेले असतात. एक तीन प्लायचा (तीन थरांचा) खोका आणा, त्याचे ५ × ५ सेंटिमीटरचे तुकडे कापा. आतल्या लाटा उभ्या ठेवून एक तुकडा दोन बोटांत दाबायचा, मग लाटा आडव्या ठेवून दुसरा. फरक लगेच हाताला जाणवतो. मग एका तुकड्याचा वरचा कागद ओला करून सोलून काढा, वाळवा आणि परत दाबा: लाटा पसरतात. टोपीने जे काम केलं तेच इथे बाहेरचे कागद करत होते. लाटांचा कागद इंग्लंडमध्ये १८५६ मध्ये आला तो उंच टोप्यांच्या आतल्या अस्तरासाठी. मालाच्या वेष्टनासाठी त्याचा उपयोग नंतर सुचला. कुठलाही खोका उघडून पाहा, उभ्या भिंतींमध्ये लाटा बहुधा उभ्याच असतात.

२०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आल्यापासून गणपतीची मखरं मोठ्या प्रमाणात कागदाची आणि पुठ्ठ्याची होऊ लागली. ज्या मुलांना पुढे काही करायचं असेल त्यांना मखराचे खांब करू द्या. २२ × २८ इंची कार्डशीटची लहान बाजू उभी धरली तर साधारण ५५ सेंटिमीटर उंचीचा खांब निघतो. तंतूंची दिशा आधी तपासा. ते आडवे निघाले तर कार्डशीट फिरवून लांब बाजू उभी धरा आणि जास्तीची उंची कापून टाका. अष्टकोनी, पट्टी २४ मिलिमीटर. इतक्या उंचीला कंबरेचा धोका येतो आणि कोपरे आतबाहेर सरकायला लागतात, म्हणून दर १४ सेंटिमीटरला आत पुठ्ठ्याची अष्टकोनी चकती बसवायची. चकती सगळ्या बाजूंनी एक मिलिमीटर कमी कापा. बरोबर मापाची चकती भिंतींना बाहेर ढकलते आणि तुम्हीच पोट आणून ठेवता. चकत्या आधी एका भिंतीला चिकटवून वाळू द्या, मग खांब गुंडाळून बंद करा. आणि मखराचं छत चढवण्याआधी चारही खांब फरशीवर शेजारी उभे करून वरून पट्टी फिरवा; जो खांब मिलिमीटरभर उंच असेल त्याचा पाय तेवढा घासून घ्या.